लिहितंय कोण?

मंडळी, आज एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीच्या एकाच एररवर बोलतो: १५२४०. इंदुरात एका कंपनीचे डेटाबेस सांभाळत होतो, तेव्हा तिनं माझ्या तीन रात्री खाल्ल्या.

डेटाबेस टीडीईनं, म्हणजे डिस्कवरचा डेटा आपोआप सांकेतिक करून ठेवणाऱ्या सोयीनं, एन्क्रिप्ट केलेला होता. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही सोय २००८पासून आहे. त्यात बॅकअपही एन्क्रिप्टच होतो. म्हणजे सर्व्हर गेला आणि तो बॅकअप उलगडायला लागणारं सर्टिफिकेट किंवा त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) जवळ नसली, तर बॅकअप नुसता कुरवाळत बसायचं. म्हणून रोज रात्री दोन्ही फायली नेटवर्क शेअरवर, म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या सामायिक फोल्डरात, टाकणारा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावला. पहिल्या रात्री हिरवा. मग लाल, लाल, लाल.

एररचं म्हणणं असं: फाइलमध्ये लिहिता येत नाही, परमिशन, पाथ आणि फाइल आधीच तिथं आहे का, ते तपासा. तीन कारणं एका दमात! आम्ही पहिलंच धरून बसलो. शेअरवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’सुद्धा देऊन पाहिलं, हे कुठं बोलू नका. पहिल्या रात्री फाइल लिहिली गेली होती, म्हणजे परमिशन होतीच, एवढं साधं कुणाला सुचेना. साध्या बॅकअपला जुन्यावर लिही म्हणून सांगता येतं. सर्टिफिकेटचा बॅकअप मात्र आधीच असलेल्या फाइलीवर लिहीतच नाही. नावात तारीख आणि वेळ घातली, जॉब हिरवा झाला.

पहिल्याच रात्री लाल आला, तर मात्र विचारा, लिहितंय कोण? तुम्ही नाही. जॉब चालवणारा एजंटही नाही, तो फक्त हुकूम देतो. फाइल लिहितं ते डेटाबेस इंजिनाचं सर्व्हिस अकाउंट, म्हणजे इंजिन ज्या खात्यानं चालतं ते. म्हणूनच तुमच्या लॉगिनमध्ये जोडलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही, शेअरचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो. आणि इन्स्टॉल करताना ठेवलेलं मूळ अकाउंट तसंच असेल, तर डोमेनमध्ये ते नेटवर्कवर मशीनच्या नावानं जातं, नावामागे डॉलरचं चिन्ह लावून. परमिशन द्यायला ते शोधाल तर सापडणार नाही, कारण शोधायच्या खिडकीत ‘कॉम्प्युटर्स’वर टिक नसते. ती आधी करा.

परमिशनही दोन ठिकाणी लागते, शेअरवर आणि फोल्डरवर. आमच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यासारखं: दिंडीदरवाजा सताड उघडा, पण माजघराला आतून कडी, तर पाहुणा ओसरीवरच.

सगळं हिरवं झाल्यावर मी हट्टानं दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहायला बसलो. सर्टिफिकेट तयार करताना प्रायव्हेट कीचा पासवर्ड मागितला. तो कुठं होता? जॉबच्या स्टेपमध्ये, त्याच सर्व्हरच्या एमएसडीबी या जॉब साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, उघड्यावर. सर्व्हर जळाला असता, तर पासवर्डही त्याच्याबरोबर गेला असता. आता तो कागदावर, बंद पाकिटात, दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत आहे.