लिंबूटिंबूचे गुण

नमस्कार श्रोतेहो.

गल्लीत खेळताना एखादं छोटं पोर हट्टाला पेटलं की त्याला लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायचे, आठवतंय? तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने कुणाला बाद केलं तरी ते धरायचं नाही. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये मोठे संघही छोट्यांना असंच लिंबूटिंबू समजतात. पण तिथे गुणफलक असतो, आणि त्यावर लिंबूटिंबूचे गुणही चढतात.

आज सांगणार आहे ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाबद्दल. दुबळ्या संघाकडून इतक्या गाजलेल्या हारी, आणि त्याही दोनदा, दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आल्या असतील असं मला वाटत नाही.

पहिली १९८२ची. व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन होता. उंची सात फूट चार इंच, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. संघ पहिल्या क्रमांकावर, मोसमात एकही हार नाही. जपानमध्ये ह्यूस्टन आणि युटा या तगड्या संघांना हरवून मंडळी परतीच्या वाटेवर हवाईला उतरली. नाताळ दोन दिवसांवर, बाहेर समुद्र, आणि घरी जाण्याआधी एकच सामना उरलेला. समोर होनोलुलुचं शॅमिनाड, जेमतेम नऊशे विद्यार्थ्यांचं कॉलेज. त्यांचे कोच मर्व्ह लोप्स दिवसा शाळेत समुपदेशकाची नोकरी करायचे आणि उरल्या वेळात संघ सांभाळायचे.

आता गंमत बघा. शॅमिनाडचा सेंटर (म्हणजे एरवी बास्केटजवळ खेळणारा) टोनी रँडॉल्फ सॅम्पसनपेक्षा चांगला अर्धा-पाऊण फूट बुटका. पण तो मूळचा व्हर्जिनियाचाच, आणि शाळेत असताना सॅम्पसनविरुद्ध खेळलेला. बाकीचे जग ज्याच्याकडे मान वर करून बघत होतं, त्याला हा पोरसवदा असल्यापासून ओळखत होता. बास्केटखाली जाऊन त्या डोंगराशी झुंजायच्या भानगडीत तो पडलाच नाही. लांब उभा राहून उडी मारून शॉट घ्यायचा, म्हणजे सॅम्पसनला बास्केट सोडून बाहेर यावं लागायचं. रँडॉल्फचे गुण १९, सॅम्पसनचे १२. सामना शॅमिनाडने ७७-७२ असा घेतला. टीव्हीवर प्रक्षेपण नव्हतं, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सॅम्पसनचे चाहते तो सामना अंथरुणात झोपून हरले.

'गाफील राहिले, दुसरं काय?' असं आपण सहज म्हणून टाकतो. मीही म्हणत होते. कॉलेजात असताना झोनलच्या एका सामन्याआधी वॉर्मअप करताना समोरच्या मुलींचे कॅनव्हासचे बूट बघून आम्ही हसलो होतो. जेवायला कुठे जायचं, यावरही बोलणं चाललं होतं. त्या मुली ड्रिबल फारसा करतच नव्हत्या, नुसता पास, पास आणि बास्केट. हाफटाइमला आमच्यापैकी कुणी बुटांविषयी बोललं नाही. हरल्यावर बसमध्ये तर जेवणाविषयीही नाही.

पण 'गाफील' म्हटल्याने सगळा उलगडा होत नाही. व्हर्जिनियाची दुसरी हार बघा.

१६ मार्च २०१८, शार्लट शहर. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक विभागात पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याशी खेळतो. १९८५ मध्ये स्पर्धा ६४ संघांची झाली, तेव्हापासून असे १३५ सामने झाले होते आणि १३५ वेळा पहिलाच जिंकला होता. व्हर्जिनिया सगळ्या स्पर्धेत अव्वल मानांकित, ३१ विजय, २ हारी. समोर यूएमबीसी, म्हणजे मेरिलँड विद्यापीठाची बॉल्टिमोर काउंटी शाखा. तिचं नाव बुद्धिबळात मोठं. बास्केटबॉलमध्ये याच मोसमात अल्बनीकडून ४४ गुणांनी मार खाल्लेला.

हाफटाइमला २१-२१. नंतरच्या वीस मिनिटांत यूएमबीसीने ५३ गुण केले. व्हर्जिनियाविरुद्ध एरवी संघ अख्ख्या सामन्यात साधारण तेवढेच करायचे! त्यांचा एक गार्ड, के. जे. माउरा, पाच फूट आठ इंच. आपल्याकडे चारचौघांत उठून दिसणार नाही इतकीच उंची. तो त्या ताडमाड पोरांच्या पायांमधून वाट काढल्यासारखा आत घुसायचा, आणि बचाव त्याच्यावर गोळा झाला की चेंडू बाहेर मोकळ्या साथीदाराकडे. थ्री-पॉइंटर म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट, त्या चोवीसपैकी बारा आत. जायरस लाइल्सचे एकट्याचे २८ गुण. अखेर ७४-५४. वीस गुणांनी!

व्हर्जिनियाचा डे'आंद्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता, हे खरं. पण माझ्या मते दुखणं त्यांच्या शैलीत होतं. ते मुद्दाम संथ खेळायचे, दोन्ही बाजूंना चेंडू कमी वेळा मिळेल असे. शंभर वेळा नाणं उडवलं तर फार गडबड होत नाही, दहा वेळा उडवलं तर काहीही होऊ शकतं. त्यात पिछाडीवर पडल्यावर एकदम धावायला सांगितलं, तर संथ चालीत मुरलेल्या संघाचे पाय लटपटतातच.

परड्यू विद्यापीठाच्या पहिल्या मानांकित संघाचं पुढे २०२३ मध्ये तेच झालं, सोळाव्याकडून हार. त्यांचा झॅक ईडीही सात फूट चार. समोर फेअरली डिकिन्सन, कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीतला सगळ्यात बुटका संघ. ६३-५८ ने परड्यू घरी गेलं. आधीच्या दोन वर्षांत छोट्या संघांकडून हरून पोळलेला संघ होता तो, त्याला गाफील तरी कसं म्हणायचं?

व्हर्जिनियाकडे परत येते. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, पुन्हा पहिलं मानांकन आणि पुन्हा सोळावा संघ, गार्डनर-वेब. पूर्वार्धात व्हर्जिनिया चक्क १४ गुणांनी मागे! त्या बाकावर बसलेल्यांच्या पोटात काय गोळा आला असेल! पण सामना ७१-५६ ने काढला, आणि जेमतेम अडीच आठवड्यांनी टेक्सास टेकला जादा वेळेत नमवून प्रशिक्षक टोनी बेनेटचा हाच संघ राष्ट्रीय विजेता झाला.

राहता राहिला यूएमबीसीचा तो कोच, रायन ओडम. त्याचे वडील डेव्ह ओडम १९८२ पासून काही वर्षं व्हर्जिनियातच सहायक प्रशिक्षक होते, आणि रायन लहानपणी त्याच संघाचा बॉलबॉय. घरच्या अंगणात वाढलेल्या पोरानेच घर लुटलं म्हणा ना. मार्च २०२५ मध्ये व्हर्जिनियाला नवा मुख्य प्रशिक्षक नेमायचा होता. त्यांनी बोलावलं ते रायन ओडमलाच.