भिंतीवरचं प्रमाणपत्र, मागचं धुराडं

[दृश्य : कारखान्याचा स्वागतकक्ष. काचेच्या चौकटीत प्रमाणपत्र. कॅमेरा हळूहळू खिडकीकडे वळतो, बाहेर धुराडं.]

चौकटीत लिहिलंय, आयएसओ १४००१, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक. आलेल्या पाहुण्याला वाटतं, इथला धूर कमी असणार, सांडपाणी स्वच्छ असणार. कागदावर मात्र तसं काही म्हटलेलं नाही. किती धूर सोडावा, याचा एकही आकडा या मानकात नाही. ते विचारतं ते वेगळंच. तुमच्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो, हे शोधलंत का? उद्दिष्टं ठरवलीत का? कायदा पाळला जातोय का, हे तपासता का? चूक सापडली तर पुढे काय करता? तपासला जातो तो कारभार. हवा-पाणी त्यामुळे सुधारेल, हे आपण धरून चालतो.

[दृश्य : जुन्या फायली, परिषदांची छायाचित्रं.]

१९९२मध्ये ब्रिटनने बीएस ७७५० हे पर्यावरण व्यवस्थापनाचं मानक आणलं. रिओची वसुंधरा परिषद त्याच वर्षीची. १९९३मध्ये युरोपने ‘एमास’ ही पर्यावरण व्यवस्थापन आणि ऑडिटची योजना मंजूर केली, १९९६मध्ये आयएसओ १४००१ आलं. नंतर २००४ आणि २०१५मध्ये त्यात सुधारणा झाल्या.

सुरुवातीला अभ्यासक विचारत, कंपन्या या भानगडीत पडतात तरी कशाला? उत्तर फार गूढ नव्हतं. मोठं गिऱ्हाईक मागतं म्हणून. १९९९मध्ये फोर्ड आणि जनरल मोटर्सने आपल्या पुरवठादारांना हे प्रमाणपत्र घेण्याची अट घातली.

पुढचा प्रश्न मात्र चिवट निघाला. प्रमाणपत्राने फरक पडतो का? अडचण अशी, की मुळात नीटनेटका असलेला कारखानाच आधी रांगेत उभा राहतो. मग श्रेय मानकाचं, की त्या कारखान्याच्या स्वभावाचं? पोटोस्की आणि प्रकाश या अभ्यासकांनी हा गुंता लक्षात घेऊन अमेरिकेतल्या कारखान्यांचा अभ्यास केला. २००५मध्ये त्यांनी मांडलं, की प्रमाणपत्र घेतलेले कारखाने कायदा अधिक चांगला पाळतात. दोनच वर्षांनी कॅनडातल्या बॉयराल यांनी नऊ संस्थांच्या आत डोकावून वेगळं चित्र दाखवलं : बराचसा कारभार वरवरचा, ऑडिटच्या तोंडावर कागदपत्रांची धावपळ. मला हे दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. एकाने बाहेरून आकडे पाहिले, दुसऱ्याने आत जाऊन माणसं ऐकली.

[दृश्य : धुराड्यावर चढलेला माणूस, हातात नमुना घेण्याचं उपकरण.]

आणि ऑडिटर? त्याला निवडतं कोण, पैसे देतं कोण? सहसा ज्याची तपासणी व्हायची, तोच.

याचा परिणाम नेमका मोजला गेला तो गुजरातमध्ये. तिथलं ऑडिट आयएसओचं नव्हे, कारखान्यांच्या प्रदूषणाचं, राज्याने सक्तीचं केलेलं. पण पैशांची व्यवस्था हीच होती. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत प्रयोग केला. जुन्या पद्धतीतले ऑडिटर जे आकडे लिहीत, त्यांची गर्दी प्रदूषणाच्या कायदेशीर मर्यादेच्या अगदी जरा खाली व्हायची. फेरमोजणीत प्रत्यक्ष आकडे बरेचदा वर निघाले.

मग काही कारखान्यांसाठी ऑडिटर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नेमले. पैसे एका सामायिक निधीतून, दर ठरलेला, आणि कामाची फेरतपासणी. अहवाल खरे येऊ लागले. २०१३च्या शोधनिबंधात पुढची नोंद आहे : त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

[दृश्य : तेच धुराडं. संध्याकाळ.]