पेशीतली शांतता आणि कॅल्शियम

कॅल्शियम म्हटलं की हाडं आणि दात एवढंच आपल्या डोक्यात येतं, पण आज मला बोलायचंय ते पेशीच्या आतल्या कॅल्शियमबद्दल, आणि ते तिथे अगदी नगण्य असतं. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम साधारण 1 ते 2 मिलिमोलर, आणि आत, पेशी निवांत असताना, फक्त 100 नॅनोमोलर (मोलर हे द्रावणातल्या प्रमाणाचं एकक, आणि नॅनो म्हणजे मिलिचा दहा लाखावा भाग). म्हणजे 10,000 पटीहून जास्त फरक! हा फरक फुकट टिकत नाही बरं का. पेशीच्या कडेचे पंप कॅल्शियम बाहेर ढकलत असतात, आतमध्ये एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाची कोठारं असतात तिथे सर्का नावाचा पंप एक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून दोन कॅल्शियम भरतो, आणि हे अखंड चालू.

एवढा खर्च कशाला? कारण आत शांतता असेल तरच हलकीशी कुजबुज ऐकू येते. एखादं चॅनल, म्हणजे पडद्यातलं प्रोटीनचं दार, क्षणभर उघडलं, थोडं कॅल्शियम आत आलं की पेशीला कळतं की काहीतरी सांगितलं जातंय. स्नायू आखडतो, फलन झालेल्या अंड्यात कॅल्शियमची लाट पसरते, हे सगळं त्यावरच. ब्रिटिश डॉक्टर सिडनी रिंगर यांनी 1883 मध्ये दाखवलं की बेडकाचं हृदय नुसत्या मिठाच्या पाण्यात नीट धडधडत नाही, त्याला कॅल्शियम लागतं, आणि हे लक्षात आलं कशामुळे तर आधीच्या प्रयोगात डिस्टिल्ड पाण्याऐवजी लंडनच्या नळाचं पाणी वापरलं गेलं होतं, त्यात कॅल्शियम होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

आता ही शांतता बिघडवणारा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे ऑक्सिजनचे चपळ रेणू पेशीत रोजच तयार होतात, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत, तर होतातच, आणि ग्लुटाथायोन नावाच्या छोट्या रेणूसारखी यंत्रणा त्यांना आवरते. ते जास्त झाले आणि आवरणारे कमी पडले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं. पण हे रेणू दिसेल ते जाळत सुटतात असं चित्र मनात असेल तर ते काढून टाका, मला आज मुख्य सांगायचंय ते हेच. पंप आणि चॅनल ही प्रोटीन्स आहेत, त्यांच्यात सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्याच्या टोकाला सल्फर असतो, आणि हायड्रोजन पेरॉक्साइडला तो सल्फर सापडतो. पेशी स्वतःसुद्धा याच सल्फरचा बटणासारखा वापर करते.

सर्काचंच घ्या. त्याच्या 674 नंबरच्या सिस्टीनवर ग्लुटाथायोन चिकटलं की पंप जोरात चालतो, हा बदल परत फिरवता येतो आणि रक्तवाहिनी सैल व्हायला त्याची मदत होते. पण ऑक्सिडेशन फार झालं की तोच सल्फर कायमचा बिघडतो, मग बटण दाबायलाच काही उरत नाही. जागा तीच, रेणूही त्याच घराण्यातले, फरक फक्त किती आणि किती वेळ याचा. दुसरीकडे रायनोडिन रिसेप्टर, म्हणजे स्नायूतल्या कोठारांचा दरवाजा, तो ऑक्सिडाइज झाला की नीट बंदच होत नाही, गळत राहतो. भरणारा थकला आणि दार किलकिलं राहिलं, मग आतली शांतता गेलीच समजा, आणि खरा सिग्नल त्या गोंगाटात हरवतो.

हे जादा कॅल्शियम जातं कुठे? बरंचसं मायटोकॉन्ड्रिया शोषून घेतात. थोडं गेलं तर चांगलंच, ऊर्जा बनवायचा वेग वाढतो. फार गेलं आणि त्यात ऑक्सिडेशनचा मारा असला की आतल्या पडद्यात एक मोठं छिद्र उघडतं, ऊर्जा बनणं थांबतं, एटीपी संपत आलं की पंप आणखी मंदावतात, कॅल्शियम अजून वाढतं. एक बिघाड दुसऱ्याला ढकलतो.

हार्ट अटॅकमध्ये हे सगळं झपाट्याने घडतं. अडलेली रक्तवाहिनी उघडली, रक्त परत आलं की जीव वाचतो, ती उघडायलाच हवी, पण त्या परतलेल्या ऑक्सिजनबरोबर त्या चपळ ऑक्सिजन-रेणूंचा लोंढा येतो आणि कॅल्शियमने आधीच भरलेल्या पेशींमध्ये ते छिद्र नेमकं तेव्हाच उघडतं. सायक्लोस्पोरिन हे औषध छिद्र उघडायला अडथळा करतं, प्राण्यांमध्ये त्याने हृदयाचं नुकसान कमी झालेलं दिसलं होतं, म्हणून खूप आशा होती, पण 2015 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या ट्रायलमध्ये रुग्णांना फायदा दिसला नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण प्रयोगशाळेतला पुरावा पक्का होता, आणि ते छिद्र नक्की कोणत्या प्रोटीनचं बनलंय यावर अजूनही वाद चालूच आहे.