धरणारा हात

[मालवण, दांडी किनारा. पाऊस. वाळूवर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या होड्या. पाण्यापलीकडे सिंधुदुर्ग.]

1 जून ते 31 जुलै. यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. समुद्र खवळलेला आणि माणसं मांगरात, म्हणजे जाळी-सामान ठेवायच्या खोपटात, फाटलेली जाळी घेऊन बसलेली.

[अगदी जवळून: सुई, नायलॉनचा धागा, दोन हात.]

काकांच्या या हातांकडे नीट बघा. सुई डाव्या हातात आहे. जाळं धरलंय उजव्याने. त्या उजव्या हाताला तर्जनी नाही, मधलं बोटही नाही. दोन वर्षांपूर्वी बोटीवर विंचच्या, म्हणजे जाळं ओढणाऱ्या यंत्राच्या, दोरात हात सापडला. बोटीवरचं काम त्याच दिवशी सुटलं.

काका त्यावर फार बोलत नाहीत. जाळ्याबद्दल विचारा, संध्याकाळ होईल.

जाळं विणताना दोन हातांची कामं ठरलेली असतात. एक धरतो, दुसरा गाठ मारतो. 40 वर्षं काकांचा डावा हात धरणारा होता. जाळ्याच्या डोळ्यांचं, म्हणजे चौकोनांचं, माप राखणारी बांबूची पट्टी धरायची, धागा चिमटीत दाबायचा आणि उजव्याचं होईस्तोवर थांबायचं. आता त्याला सुई चालवायची होती.

[न्हाणीघराचं दार. तांब्या. पाणी.]

पण सुरुवात सुईपासून झाली नाही. तांब्यापासून झाली. फिजिओथेरपीच्या ताईंनी क्रम घालून दिला होता: आधी खांदा आणि कोपर लागतील अशी कामं, बोटांची मागाहून. डाव्या हाताने अंगावर पाणी घ्यायचं. दाराची कडी काढायची, नळ सोडायचा, केस विंचरायचे. एका बैठकीत तासभर नाही, दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. थकलेला हात चुकीचंच गिरवत बसतो.

मग ब्रश. सोपं वाटतं ना? आज रात्री करून बघा. हात जागच्या जागी राहतो आणि मान हलायला लागते. मी स्वतः महिनाभर केलंय. तिसऱ्या आठवड्यात कुठे मनगट मोकळं झालं.

[पडवी. काका शर्टाचं बटण लावतायत. काकी बाजूला उभ्या.]

हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. एक बटण, एक मिनिट दहा सेकंद. अंगठ्याने बटण काजाच्या तोंडाशी आणलं, निसटलं. पुन्हा आणलं. आता बघा, काकींचा हात पुढे येतो.

"रवांदे गो, मीच लावतंय."

आणि तो हात मागे जातो. घरच्यांचा हात मायेनेच पुढे येतो, पण शिकणाऱ्या हाताचं काम काढून घेतो. हा व्हिडिओ मला या एका क्षणासाठी करायचा होता. काकींना तो हात मागे घेणं किती जड गेलं, ते त्यांच्या तोंडावर दिसतंय.

[नातीची चार रेघी वही. पेन्सिल.]

लिहिणं वेगळंच निघालं. आपली शिरोरेघ डावीकडून उजवीकडे जाते. उजवा हात ती ओढतो, डाव्याला ती ढकलावी लागते, म्हणून टोक कागदात रुततं. वर लिहिलेल्यावरूनच तळवा फिरतो. नातीने युक्ती काढली: वही उजवीकडे कलती ठेवायची आणि पेन्सिल जरा वर धरायची. तिनेच आजोबांना मोबाइलवर वाचून दाखवलं की हंगेरीचा नेमबाज कारोली ताकाच याचा उजवा हात 1938 साली हातबॉम्बने निकामी झाला, आणि डाव्या हाताने त्याने 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवलं. काकांनी दोनदा वाचायला लावलं.

सही बसायला वर्ष गेलं. बँकेने दोनदा परत पाठवलं, मग नवा नमुना घेतला.

[ताट. भात, तिखलं, बांगडा.]

सगळ्यात अवघड काय, विचारलं तर काका सुई म्हणत नाहीत. बांगडा म्हणतात. काटा आधी बोटांना कळतो, मग जिभेला. आणि डाव्या बोटांना तो कळतच नव्हता. बघा, मधला काटा शेपटीकडून कसा सोडवतायत. आता सोडवतायत. पहिले काही महिने ते भिंतीकडे तोंड करून जेवले, आणि गावातल्या पंगतीला गेलेच नाहीत. डाव्या हाताने घास घेतो म्हणून कुणी काही बोलेल, एवढ्यासाठी. उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक, म्हणून आपण बहुतेक जण डाव्या सोंडेचाच घरी आणतो. मग माणसाचा डावा हात पंगतीत का चालू नये?

[पुन्हा मांगर. समोरासमोर बसलेले काका आणि पुतण्या.]

उजवा हात मेंदूच्या डाव्या भागातून चालतो, डावा उजव्या भागातून. पण त्या दोन भागांत भिंत नाही. 1894 साली अमेरिकेत येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसलं की एका हाताला सराव दिला, तर दुसऱ्याचीही ताकद आणि स्थिरता वाढते. काकांच्या उजव्या हाताने 40 वर्षांत जे कमावलं, ते सगळं दोन बोटांबरोबर गेलं नाही.

तरी गाठ उलटी शिकावी लागली. पुतण्या शेजारी बसून दाखवायचा तेव्हा काहीच जमत नव्हतं. एक दिवस तो समोर बसला. त्याचा उजवा हात आणि काकांचा डावा एकाच बाजूला आले, आरशात यावेत तसे. सुई वरच्या डोळ्यातून घ्यायची, धागा पट्टीपर्यंत खाली ओढायचा, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि अनामिकेने दाबायचा. मग धाग्याचा फास टाकायचा. पुतण्या डावीकडे टाकतो, काका उजवीकडे. दोन्ही धाग्यांच्या मागून सुई फासातून बाहेर काढायची आणि आवळायचं. सुरुवातीच्या गाठी सरकायच्या. काका त्या कात्रीने कापून टाकायचे. कात्रीही डाव्या हातात, आणि तिची पाती उजव्या हातासाठी बनवलेली, त्यामुळे धागा तुटायच्या ऐवजी पात्यांत दुमडायचा.

[अगदी जवळून: गाठ.]

आता ही गाठ बघा. काकांनी जाळ्याच्या डोळ्यात दोन्ही बाजूंनी बोटं घातली आणि जोर लावून ताणलं. सरकली नाही.

पट्टी पुढे सरकवली. सुई वर.