बोस्टनचा चहा आणि कंपनी सरकार

नमस्कार श्रोतेहो.

कंपनी सरकार म्हटलं की आपल्याला प्लासी आठवते, वडगाव आठवतं, खडकी आठवते. अमेरिका चटकन आठवत नाही. पण तिथल्या तेरा वसाहती आणि इंग्लंड यांच्यातलं भांडण ज्या मालावरून हातघाईवर आलं, तो माल याच ईस्ट इंडिया कंपनीचा होता. कँटनहून आणलेला आणि लंडनच्या वखारींत पडून राहिलेला चिनी चहा.

साल १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेच हे साल. कंपनीचं तेव्हा दिवाळं वाजायच्या बेतात होतं. पार्लमेंटनं तिला सावरण्यासाठी कायदा केला. कंपनीनं आपला चहा थेट वसाहतींत न्यावा आणि स्वतःच नेमलेल्या अडत्यांमार्फत विकावा. इंग्लंडमधली जकात तिला परत मिळणार होती. वसाहतीत पौंडभर वजनाच्या चहामागे तीन पेन्सचा कर मात्र कायम राहिला.

गंमत अशी की यामुळे चहा स्वस्त होणार होता. मग लोक भडकले का? आमचा प्रतिनिधी पार्लमेंटात नाही, तर आमच्यावर कर कसला बसवता, हे कारण शाळेच्या पुस्तकातलं. डच चहा चोरून आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता, तेही खरंच. पण मला तिसरं कारण जास्त बोलकं वाटतं. बंगालच्या बातम्या तिकडे पोचल्या होत्या. पेन्सिल्व्हेनियातले वकील जॉन डिकिन्सन यांनी त्या नोव्हेंबरात टोपणनावानं एक पत्रक काढलं. बंगालमध्ये एका वर्षात पंधरा लाख माणसं भुकेनं मेली, असं त्यांनी लिहिलं. जमीन पिकली नाही म्हणून नव्हे, तर कंपनीनं आणि तिच्या नोकरांनी धान्य कोंडून भाव चढवले म्हणून. आणि आता याच कंपनीची नजर अमेरिकेवर आहे, असा त्यांचा इशारा होता.

बोस्टनला 'डार्टमथ' जहाज २८ नोव्हेंबरला आलं, पाठोपाठ आणखी दोन. नियमाप्रमाणे वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. लोक म्हणत होते, चहा आल्या पावली परत न्या. गव्हर्नर हचिन्सन परतीचा परवाना देईनात, आणि त्यांचे दोन मुलगे याच चहाचे अडते होते! १६ डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात हजारोंचा जमाव जमला. गव्हर्नरांचा शेवटचा नकार आला आणि तोंडाला काजळी फासून, मोहॉक आदिवासींची सोंगं घेतलेली माणसं धक्क्याकडे निघाली.

तीन तासांच्या आत ३४२ पेट्या फुटल्या. पेट्या वजनदार. त्या कप्पीनं तळघरातून वर ओढायच्या, कुऱ्हाडीनं फोडायच्या आणि चहा पाण्यात ओतायचा. नेमकी ओहोटी होती, पाणी उथळ, त्यामुळे चहाचे ढीग जहाजांना टेकून उभे राहिले. ते पुन्हा ढकलावे लागले. एकानं कोटाच्या अस्तरात चहा भरून घेतला, तर बाकीच्यांनी त्याचे कपडे उतरवून त्याला हाकलून दिलं. चोरी करायला आलो नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. नुकसान सुमारे साडेनऊ हजार पौंडांचं झालं.

इंग्लंडनं चिडून बोस्टनचं बंदरच बंद केलं, १ जून १७७४ पासून. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या मुंबईकर साहेबांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी कंपनीशी सुरतेचा तह केला, आणि पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिलला, बोस्टनजवळच्या लेक्सिंग्टनला गोळ्या झडल्या आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. त्या युद्धात यॉर्कटाउनला हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस तर पुढे गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यालाच उतरला.

आणि अमेरिकेचं काय झालं? १७८४ मध्ये न्यूयॉर्कहून त्यांचं स्वतःचं जहाज कँटनला चहा आणायला निघालं. १७८९ मध्ये नव्या काँग्रेसनं जकातीचा कायदा केला, त्यात चहावरही कर होता. त्यावर कुणी पेट्या फोडल्या नाहीत, कारण कर लावणारे प्रतिनिधी आता त्यांनीच निवडून दिलेले होते. देशी दारूवर कर बसला तेव्हा मात्र पश्चिम पेन्सिल्व्हेनियातले शेतकरी उठले, आणि १७९४ मध्ये ते बंड मोडायला खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन फौज घेऊन निघाले.