बॅटरी बदलण्यापूर्वी

कारची बॅटरी केव्हा बदलावी, हा आजचा विषय आहे आणि त्याचे उत्तर मी देणारच आहे. पण त्याआधी कित्येक वर्षे मनात घर करून बसलेली एक गोष्ट मला आपल्यापुढे मांडायची आहे. सकाळी किल्ली फिरवली, इंजिनाऐवजी नुसते ‘टक्’ ऐकू आले, की ‘बॅटरी गेली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे असे की बॅटरी उतरणे आणि बॅटरी संपणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक न पाहता नवी बॅटरी बसवणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून नवी बादली आणणे होय.

हा फरक समजण्यासाठी बॅटरीच्या पोटात थोडे डोकावावे लागेल. फ्रान्समध्ये गास्तों प्लाँते यांनी १८५९ साली शिसे आणि गंधकाम्ल यांची पुन्हा भरता येणारी बॅटरी तयार केली, आणि आपल्या बॉनेटखाली आजही मुळात तीच रसायने काम करतात. आत सहा सेल, म्हणजे वीज साठवणारे सहा वेगळे कप्पे, असतात. प्रत्येकाचा दाब साधारण २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. वीज खर्च होते तेव्हा सेलमधल्या शिशाच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट धरते आणि आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते. चार्ज केले की ते सल्फेट पुन्हा विरघळते. मात्र उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली, तर या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होतात आणि मग कितीही चार्ज केले तरी ते पूर्णपणे जात नाहीत. पहिली अवस्था म्हणजे उतरणे, दुसरी म्हणजे संपणे. उतरलेल्या बॅटरीकडे दुर्लक्ष करून आपणच तिला संपवतो, हे इथे लक्षात घ्यावे.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. माझी गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सुरू होत नसे. रोज चालवत असलो तर काही तक्रार नसे. दुरुस्ती करणाऱ्याने बॉनेट उघडले, बॅटरीवरची तारीख पाहिली, ‘तीन वर्षे झाली, आता बदलाच’ असे सांगितले, आणि मी बदलली. त्याने मीटर लावला नाही आणि मीही लावायला सांगितले नाही. पाच महिन्यांनी चार दिवस बाहेरगावी जाऊन परत आलो, तर नवी बॅटरीही तशीच निपचित! या वेळी ‘माल खराब निघाला असेल’ असे उत्तर मिळाले. तेव्हा मात्र मी हट्टाने नकार दिला, बॅटरी घरी नेऊन सावकाश चार्ज केली, पुन्हा बसवली आणि चोर शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रात्रभर कुलूपबंद असलेली गाडी उघडून मी एकेक जागा चाचपत गेलो. डाव्या सीटसमोरचा कागदपत्रांचा कप्पा उघडला. आतला दिवा लागलेला होता, आणि कप्पा उघडल्यावर तो लागतोच, म्हणून एरवी मी तिकडे पाहिलेही नसते. पण त्या दिवशी मी बल्बला बोट लावले. तो चांगलाच गरम होता. नुकताच लागलेला बल्ब इतका तापत नाही. कप्प्याच्या झाकणाने दाबली जाणारी प्लास्टिकची बोटभर कळ अडकून बसली होती आणि झाकण बंद असतानाही दिवा रात्रंदिवस जळत होता. हिशेब करून पाहा: ५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-तास. माझी बॅटरी ४५ अँपिअर-तासांची. चार दिवसांत ती रिकामी होणार हे गणितच सांगत होते. रोज गाडी चालवली की रात्रीची तूट पुष्कळशी भरून निघत असे, म्हणून दोष लपून राहिला. ती कळ मोकळी केल्यावर ‘खराब माल’ ठरलेल्या त्या बॅटरीने मला आणखी साडेतीन वर्षे साथ दिली. पहिल्या बॅटरीचे मात्र मला अजूनही वाईट वाटते, कारण ती खरोखर संपली होती की नाही, हे आता कधीच कळणार नाही.

बंद गाडीसुद्धा थोडी वीज घेत असते. घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा, संगणकाची स्मृती यांना ती लागते. सर्व यंत्रणा झोपी गेल्यावर ही गळती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. त्यापेक्षा बरीच जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढून कोणत्या वाटेने वीज जाते आहे ते शोधावे.

गाडी सुरू न होण्याच्या आवाजालाही अर्थ असतो. दिवे मंद होऊन ‘टकटकटक’ असा भरभर आवाज आला, तर बहुधा बॅटरी उतरली आहे. दिवे लख्ख आहेत आणि एकच ‘टक्’ येते, तर आधी स्टार्टर, म्हणजे इंजिनाला पहिली फिरकी देणारी मोटर, आणि जोडण्या तपासाव्यात. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल किंवा क्लॅम्प हाताने हलत असेल, तर ठणठणीत बॅटरीही हतबल होते, कारण स्टार्टरला क्षणभर शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह लागतो आणि तो सगळा त्या एवढ्याशा स्पर्शातून जायचा असतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि ब्रशने ही भुकटी निघते. सोडवताना आधी ऋण टर्मिनल काढावे आणि जोडताना ते शेवटी लावावे, म्हणजे धन टर्मिनलवरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा ज्यासाठी आपण जमलो ते आता भराभर सांगतो.

दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यायची असेल, तर लाल केबल धन ते धन लावावी. काळी केबल चालू गाडीच्या ऋण टर्मिनलपासून बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावी, कारण बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ नको. असे केल्यावर गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नव्हे. नंतर चार्जर लावावा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब कमी-जास्त करतो, पण आकडा साडेबारापाशीच घुटमळत असेल तर आधी अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनित्र, पाहावा.

बदलण्याचा निर्णय नेहमी पूर्ण चार्ज केल्यानंतर घ्यावा. ऋण टर्मिनल सोडून बॅटरी रात्रभर ठेवली आणि सकाळी ती १२.६ वरून १२.३ च्या खाली आली, तर गळती तिच्या पोटातच आहे, बदला. १०.५ च्या आसपास अडकून राहिली, तर एक सेल मेला आहे, बदला. सामान्य तापमानात सेल्फ मारताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल आणि जोडण्या स्वच्छ असतील, तर बदला. पाणी घालायची बॅटरी असेल, तर भरलेल्या सेलमधल्या द्रवाचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.२६५ च्या जवळपास हवे. एखादा सेल इतरांपेक्षा ०.०५ ने मागे असेल, तर बदला. खोके फुगले किंवा चिरले असेल, तर चार्जसुद्धा करू नका. वय हा पुरावा नाही, इशारा आहे: बहुतेक बॅटऱ्या तीन ते पाच वर्षे टिकतात, उष्णता हे आयुष्य कमी करते, आणि थंडी तिचा अशक्तपणा उघडा पाडते. तिसऱ्या वर्षानंतर दर सहा महिन्यांनी लोड टेस्ट, म्हणजे बॅटरीवर भार टाकून तिचा दाब किती टिकतो याची तपासणी, करून घ्यावी. इंजिन थांब्यावर आपोआप बंद होणारी गाडी असेल, तर मूळची एजीएम किंवा ईएफबी (वारंवार चालू-बंद होणे सोसणाऱ्या बॅटऱ्यांचे हे दोन प्रकार) असेल त्याच प्रकारची बॅटरी बसवावी, आणि काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते, ती विसरू नये. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांतही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच; ती उतरली, तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

मी मल्टिमीटर बरोबर आणला आहे. आपल्या गाड्या खाली तासाभराहून अधिक वेळ उभ्या आहेत. प्लेटांवरचा वरवरचा चार्ज उतरावा म्हणून हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करू, थोडे थांबू, आणि मग ज्यांना आपल्या बॅटरीचा आकडा पाहायचा आहे त्यांच्या गाडीपाशी मी एकेक करून येतो.