दूध कमी, पण ताट भरलेलं

श्रोतेहो, नमस्कार.

आपला सांगली जिल्हा दुधाचा. पहाटे धारा काढायच्या, किटली डेअरीला घालायची, हे गावोगावचं काम. पण त्यातलं घरात राहतं किती? पुष्कळदा चहापुरतं. घरातल्या बाईच्या वाट्याला तर तेवढंही येत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. काहींना दूध सोसतच नाही. पोट डब्ब होतं, जुलाब लागतात. कारण कुठलंही असो, दुधातून मिळायचं ते दुसरीकडून मिळवायलाच हवं.

आधी कॅल्शियम. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम लागतं. गाईच्या दुधाच्या 200 मिलिलिटरच्या पेल्यात ते 240च्या आसपास असतं. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, म्हणजे नाचणीच्या दोन मध्यम भाकऱ्यांनी बराच पल्ला गाठला जातो. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली तर अंगाला आणखी चांगली लागते. तीळ तर याहून पुढे, पण ते भाजून, कुटून खा. अख्खे तीळ नीट चावले गेले नाहीत, तर तसेच पोटातून निघून जातात. भोगीला भाकरीवर लावतो तेवढ्यावर थांबू नका. तिळाची चटणी बारा महिने ताटात असू द्या. शेवग्याचा पालाही असाच गुणाचा. पालकात मात्र कॅल्शियम असूनही त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही, म्हणून पालकावर फार भिस्त ठेवू नका.

आणि हुलगा! जत, आटपाडीच्या माळावर कमी पाण्यात येणारं हे कडधान्य. 100 ग्रॅमला अडीचशेच्या वर कॅल्शियम आणि वीसेक ग्रॅम प्रथिनं. बैलांचं खाणं म्हणून आपण ते बाजूला सारलं. त्याचं माडगं पुन्हा चुलीवर यावं, असं मला मनापासून वाटतं. हुलगे खमंग भाजून दळायचे. पीठ गार पाण्यात कालवायचं, एकही गुठळी ठेवायची नाही. मग उकळत्या पाण्यात सोडून ढवळत राहायचं, कारण हात थांबला की ते बुडाला लागतं. ठेचलेला लसूण, जिरं, मीठ घालायचं. गोड हवं तर गूळ. सर्दी झाल्यावरच कशाला, एरवीही वाटीभर प्यावं.

प्रथिनांची काळजी भाकरीबरोबर मटकी, तूरडाळ, शेंगदाण्याची चटणी असली की बरीचशी मिटते. ड जीवनसत्त्व अंगाला ऊन लागल्यावर तयार होतं. दिवसभर दुकानात, घरात बसणाऱ्यांना ते कमी पडतं.

आता बी-12 हे जीवनसत्त्व. हे नीट ऐका. भाकरी, डाळ, पालेभाजी कितीही खाल्ली तरी बी-12 त्यातून मिळत नाही. ते दुधात, अंड्यात, मासळीत, मटणात असतं. त्यामुळं शाकाहारी माणसानं दूध-दहीही सोडलं, तर त्याला डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच लागते. ते कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होतं. वय झालं म्हणून माणसं हे अंगावर काढतात. फार दिवस दुर्लक्ष झालं, तर नसांना झालेली इजा पुढं पूर्ण भरून येईलच असं नाही. रक्ताची साधी तपासणी असते, ती करून घ्या.

ज्यांना फक्त दुधात मुळातच असलेली साखर पचत नाही, त्यांतल्या पुष्कळांना ताक, दही चालतं. थोडं घेऊन बघा. पण दुधाची ॲलर्जी असेल, अंगावर गांधी उठत असतील, श्वास लागत असेल, तर ताकही नको. आणि लहान मुलाचं दूध कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि दुधाऐवजी त्याला काय द्यायचं, किती द्यायचं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

नमस्कार.